डब्यात कोंडलेला कवडसा

"मी काय बी लावलं नाय."

"मग हे काय आहे, नंदाताई?"

"मला काय म्हायती? यंत्र तुजं, रेघ तुजी."

"महिनाभर जमिनीवर झोपलेली रेघ दसऱ्याच्या सकाळी उठून आभाळात जाते, आणि तुम्हाला काही माहीत नाही?"

"लाइट गेली आसंल. इथं लाइट येते-जाते, तुला ठाव हाय."

"लाइट गेली की रेघ तुटते, ताई. उठत नाही."

"मंग तूच सांग का उठली. शिकलेला तू हायस."

किशोरने मांडीवरचा लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. नंदाने पदर कमरेला खोचला आणि मुद्दाम डोंगराकडे बघितलं. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचं शेवटचं पक्कं घर हे तिचं. स्लॅबवर पत्र्याची छोटी छत्री, छत्रीखाली पांढरा डबा, डब्यातून वर निघालेली नळी आणि नळीला उलट्या वाटीसारखं टोपण. डबा ज्या चौकटीवर बसवला होता तिचे दोन नट निघाले होते, दोन निघायचे होते. पाना किशोरच्या पायाशी पडला होता. खाली रस्त्यावर खालापुराहून आणलेला टेंपो उभा होता आणि ड्रायव्हर त्यात पाय वर घेऊन झोपला होता.

यंत्र आज उतरणार होतं. वाडीत सगळ्यांना माहीत होतं. नंदाला मान्य नव्हतं, एवढंच.

"शेवटचं विचारतो," किशोर म्हणाला. "धूर, उदबत्ती, बिडी, काही?"

"नाय."

"बरं." त्याने पाना उचलला.

*

हे यंत्र मागल्या हिवाळ्यात आलं तेव्हा वाडीला वाटलं मोबाइलचा टॉवर आला. आबालवृद्ध बघायला आले. एकाने नळीसमोर फोन धरून रेंज येते का तेही बघितलं. मग यंत्र बसवायला आलेल्या किशोरने सगळ्यांना खाली बसवलं आणि विचारलं, "जुन्या घरात कौलाच्या फटीतून ऊन यायचं ना?"

"यायचं."

"चुलीला धूर असला की उन्हाची काठी दिसायची. वरपासून खालपर्यंत, तिरपी."

"कवडसा," नंदा म्हणाली.

"कवडसा. आणि धूर नसला की?"

"खाली नुसता ठिपका. काठी नाय."

"का नाही?"

किशोर खुलला. उजेड आपल्या वाटेने सरळ चाललेला असतो, तो म्हणाला, आपल्याला दिसत नाही. वाटेत धुराचा, धुळीचा बारीक कण आडवा आला की उजेड त्याच्यावर आपटून बाजूला उडतो, आणि तो बाजूला उडालेला तेवढाच आपल्या डोळ्यात येतो. कण जास्त, तर काठी ठळक. कण नाहीत, तर काठी नाही. या डब्यात काळोख आहे. काळोखात एक दिवा आहे आणि बाजूला एक डोळा. नळीतून बाहेरची हवा आत ओढायची, जराशी गरम करून तिचं दव सुकवायचं, कारण धुकं मोजायचं नाही, कण मोजायचेत. मग किती उजेड बाजूला उडाला ते डोळ्याने बघत राहायचं. दिवसरात्र.

"म्हंजे कवडसा डब्यात कोंडलाय," नंदा म्हणाली.

किशोरने मान डोलावली. तेव्हापासून वाडीत त्या यंत्राला दुसरं नाव नाही.

जागा नंदानेच दिली. तिच्या नवऱ्याने, धाऊने, नेहमीप्रमाणे 'बघ बाई तुला काय पटतंय ते' म्हणून कोयता उचलला आणि तो कर्जतच्या फार्महाउसच्या कामावर गेला. भांडला तो धाकटा दीर, नागू. स्लॅब दोघा भावांचा होता आणि नागूच्या डोक्यात तिथे तंबू होते. शनिवार-रविवार मुंबईची पोरं लेणी बघायला येतात, धबधब्यात भिजतात, त्यांना रात्री निजायला उंचावर, डोंगरासमोर जागा हवी असते.

"वयनी, हवा काय मोजायची? हवा हाय तितकी हाय."

"भावजी, तुमी कधी वीटभट्टीवर निजलात?"

नागू कधी निजला नव्हता. तंबू लांबले.

नंदा निजली होती. तिचं लहानपण निम्मं डोंगरात गेलं आणि निम्मं चौक गावाच्या बाजूच्या भट्ट्यांवर. भात झोडून झालं की आईबाप तिला आणि कोंबड्यांना घेऊन भट्टीवर उतरायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचे. भट्टीच्या उबेला सगळे निजायचे. सकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. ती सातवीत असताना शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना एक मोठा श्वास घ्यायला सांगितला होता, आणि नंदाला वर्गात एकटीलाच खोकला आला. पोरं हसली. लग्न होऊन ती कोंडाण्याला आली त्या पहिल्या सकाळी, घराच्या मागे उभं राहून तिने तसाच मोठा श्वास घेतला. काही अडलं नाही. आत गेला तसा बाहेर आला. तिने परत घेतला. सासूने चुलीपाशी बसून विचारलं, "काय गं, काय शोधतीस?" नंदा म्हणाली, "काय नाय. काय नाय, तेच बघत्ये."

म्हणून यंत्र आलं तेव्हा तिने ते आपलं मानलं. अंगणातली चूल तिने घरामागच्या पडवीच्या पार टोकाला नेली. वरच्या आळीच्या बुधीला शेकोटी हलवायला लावली, त्यावरून दोघी आठ-पंधरा दिवस बोलत नव्हत्या. सिगारेट ओढत आलेल्या शहरी पोरांना ती वाटेवरच अडवायची. "पुडं जायचं तं इजवा. वर कवडसा हाय." पोरांना वाटायचं देवस्थान असेल. चपला काढू का, असं पोरं विचारायची. रोज सकाळी ती वर जायची, नळीच्या जाळीतले किडे टिपायची, हिरवा दिवा लागलाय बघायची आणि किशोरला फोन करायची. "चालू हाय." एवढंच बोलून ठेवून द्यायची.

उन्हाळ्यात सगळीकडे राब भाजले. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून पेटवतात तो धूर दरीत भरला आणि आकडा चढला. किशोर खूश. मग पाऊस लागला, हवा धुऊन निघाली, आकडा उतरला. आणि पाऊस ओसरला तरी तो उठेना. चौकात जुन्या हायवेला एका गॅरेजच्या पत्र्यावर असंच दुसरं यंत्र बसवलेलं होतं. तिथला आकडा ट्रकांबरोबर चढत-उतरत होता. कोंडाण्याची रेघ मात्र तळाशी आडवी. पुण्याच्या कचेरीत लोकांना संशय आला. इतकी स्वच्छ हवा असते कुठे?

संशयाला कारण होतं. हे यंत्र मधूनमधून स्वतःलाच गाळलेली हवा पाजतं. आत एक छोटी झडप आहे. ती फिरली की बाहेरची हवा बंद आणि गाळणीतली हवा सुरू. 'काहीच नाही' म्हणजे किती, हे यंत्राला कळावं म्हणून. कचेरीचं म्हणणं असं पडलं, की पावसात झडप अडकली असणार आणि तेव्हापासून यंत्र आपलीच गाळलेली हवा पीत बसलंय. कोंडाण्याचे आकडे फेकून द्या. यंत्र काढून कारखान्यात तपासायला आणा. दुरुस्त झालं की खालापुरात, टोलनाक्याच्या अंगाला बसवू. निदान काही दिसेल तरी.

किशोरने हे फोनवर सांगितलं तेव्हा नंदा हातातलं काम टाकून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हंजे हवेत काय नाय, म्हून यंत्र बिघडलं?"

"तसं नाही, ताई..."

"तसंच हाय. घाण आसती तं खरं मानलं आसतं."

*

तिसरा नट निघाला. इतक्यात जिन्यावरून नागू वर आला. हातात चहाचे दोन पेले, अंगात नवा शर्ट.

"किशोरभाऊ, च्या घ्या. काढा सावकाश. पर आजच्या आज काढा. रव्वारी पार्टी हाय."

"पार्टी बोलावली बी?" नंदाने विचारलं.

"वयनी, जागा मोकळी व्हनार म्हनल्यावर मोकळी कशाला ठेवायची?"

"आजून गेलं नाय ते."

"एक नट ऱ्हायलाय की." नागू किशोरशेजारी उकिडवा बसला आणि लॅपटॉपमध्ये डोकावला. "ह्यो डोंगर कसला?"

"तोच तर प्रश्न आहे," किशोर म्हणाला. "दसऱ्याच्या सकाळी रेघ अशी उठली. ताई म्हणतात काहीच केलं नाही. म्हणजे आता झडप पण गेली आणि आतलं सर्किटही उड्या मारतंय. हे पुण्याच्या मॅडमना सांगितलं की दुरुस्तीसुद्धा करणार नाहीत, भंगारात जाईल."

नंदाचा हात पदराच्या खोचावर गेला. यंत्र बसवलं त्या दिवशी किशोरनेच हसत-हसत दम भरला होता, 'ताई, एक उदबत्ती जरी लावलीत ना इथे, त्याच दिवशी यंत्र उचलून नेईन.' तो विसरला असेल. ती विसरली नव्हती. आणि तिने नुसती एक उदबत्ती लावली नव्हती.

"काय नाय केलं?" नागूने पेला खाली ठेवला. "वयनी, असं बोल्ली तू? काय नाय केलं?"

"भावजी, तुमी च्या द्यायला आलात. दिलात. खाली जावा."

"किशोरभाऊ, ही खोटं बोल्ते. मी डोळ्यांनी बघितलंय." तो उभाच राहिला. शेजारच्या पडवीत पोशाची म्हातारी भात पाखडत होती, तिचं सूप थांबलं. "दसऱ्याला आमच्याकडं हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, विळा, धाऊदादाची मोटरसायकल, समदं पुजून झालं. आन मंग ही म्हनते कशी, वर एकटंच बसलंय ते. समद्यांना हळदकुंकू आन त्याला नाय?"

"नागू." आता भावजी गळून पडलं.

"ताट घेऊन आली वर. झेंडूची माळ घातली डब्याला. आपट्याची पानं ठेवली. मंग उदबत्ती लावली. किती? मूठभर. आन कुठं खोचली? ह्या नळीच्या बुडाशी, हितं, ह्या भोकात."

किशोरने लॅपटॉप जवळ ओढला. बोट रेघेवर ठेवलं.

"मग?" त्याने विचारलं.

"मंग काय. हात जोडले. उदबत्ती जळतीय."

"इथे रेघ उठली आणि एका उंचीवर राहिली," किशोर स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "सपाट. टेकडीसारखी. मग?"

"मंग तिला वाटलं कमी पडलं." नागूला आता रंग चढला होता. त्याने टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि नंदाची चाल चालून दाखवली. "खाली गेली. धूपाटनं घेऊन आली. निखारे, त्याच्यावर राळ. म्हशीला नजर लागल्यावर कशी धुरी देतात, तशी. नळीच्या भवती. एक फेरा."

"एक," किशोरचं बोट वर चढलं.

"मंग थांबली. राळ टाकली परत. दुसरा फेरा."

"दोन. खाली येऊन परत वर गेलीय. याहून उंच."

"तिसऱ्याला तं मी सोता खोकलो. जिन्यात उभा व्हतो."

"तीन." किशोर लॅपटॉपवर आणखी वाकला. "तिसऱ्याला रेघ पडद्याबाहेर गेलीय. नागूभाऊ, त्यानंतर?"

"त्यानंतर नारळ."

"नारळाचं काही दिसत नाही."

"नारळाला धूर कुठून यील?" नागू म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून विजयी नजरेने नंदाकडे वळला. "आता बोल. लावलं का नाय?"

नंदाने मान खाली घातली. "लावलं," ती म्हणाली. "किशोर, लावलं रं. सोन्यासारखं यंत्र, सनाच्या दिवशी उपाशी ठेवायचं मला बरं वाटंना. ने आता. तू बोल्ला व्हतास, उचलून नेईन म्हून. ने."

किशोरने निघालेला नट उचलला, जागेवर बसवला आणि पान्याने आवळायला लागला.

"काय करतोस?" नागूने विचारलं.

"ताई," नट आवळता आवळता किशोर म्हणाला, "झडप अडकली असती तर तुमचा धूर आत गेला असता का?"

नंदाने वर बघितलं.

"यंत्र गाळलेली हवा पीत असतं तर तुम्ही इथे होळी पेटवली असती तरी रेघ हलली नसती. तुमची उदबत्ती दिसली. धुरीचा एकेक फेरा दिसला. म्हणजे झडप उघडी आहे, दिवा लागलाय, डोळा बघतोय." दुसरा नट बसला. "आणि डोळा बघत असताना महिनाभर त्याला काही दिसलं नाही, कारण काही नव्हतंच."

हे नागूच्या डोक्यात जायला जरा वेळ लागला. गेलं तेव्हा त्याने खाली ठेवलेला चहाचा पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

*

हर्षलामॅडम पुण्याहून फोनच्या स्पीकरवर आल्या. हे यंत्र ज्यांच्या कामासाठी लावलेलं होतं त्या याच. आधी त्यांनी किशोरचं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "ज्यांनी पाहिलं त्यांनाच बोलू दे."

नागूला परत बोलायला लागलं. या खेपेला चाल नव्हती, टॉवेल नव्हता. उदबत्ती, धुरी, एक, दोन, तीन. रेघ मॅडमच्या समोरही होती. त्या मधेच म्हणाल्या, "तिसरा फेरा मोठा होता का हो?" नागू म्हणाला, "व्हय," आणि ते त्याने अशा पडेल आवाजात म्हटलं की पोशाची म्हातारी हसली.

"किशोर, आत्ता लावून दाखव. लांबून. माझ्या डोळ्यांसमोर."

काडेपेटी नंदाच्या कनवटीला होतीच. किशोरने स्लॅबच्या कडेला उभं राहून एक उदबत्ती पेटवली. वारा दरीतून वर येत होता. एवढासा धूर वाकला, नळीकडे गेला आणि उलट्या वाटीखाली नाहीसा झाला. सगळे लॅपटॉपकडे बघत होते. रेघ आडवी होती. आडवीच होती. मग तिने मान वर केली.

"उठली," नंदा म्हणाली.

"विझव," मॅडम म्हणाल्या. किशोरने उदबत्ती कडेच्या कुंडीतल्या ओल्या मातीत खुपसली. रेघ घसरत खाली आली आणि तळाशी जाऊन पुन्हा आडवी झाली, इतकी सपाट की तिच्यावर तांदूळ निवडावेत.

मॅडम आता थेट नंदाशी बोलल्या. "नंदाताई, तुमचे आकडे खरे आहेत. महिनाभराचे सगळे. मी ते फेकून देणार होते."

"आता?"

"आता तेच सगळ्यात मोलाचे. चौकात हवा किती खराब हे सांगायला स्वच्छ हवा कशी असते ते आधी कुठेतरी मोजलेलं लागतं. पट्टीला जसं शून्य लागतं. ते शून्य तुमच्या स्लॅबवर आहे. यंत्र हलणार नाही."

"मंग बोला तसं."

"कसं?"

"कोंडाण्याच्या हवेत काय नाय, असं बोला. जरा मोठ्यानं. खाली ऐकू जायला पायजे."

किशोरने हसू दाबत फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि हात स्लॅबच्या कठड्याबाहेर धरला. हर्षलामॅडमनी घसा साफ केला. "कोंडाण्याच्या हवेत," त्या म्हणाल्या, "काही नाही." वाक्य वाडीवरून गेलं. टेंपोतला ड्रायव्हर जागा झाला. वरच्या आळीतून बुधी ओरडली, "काय झालं गं, नंदे?"

"काय नाय!" नंदाने ओरडून सांगितलं. भट्टीच्या उबेला निजलेली, वर्गात एकटी खोकलेली नंदा कठड्याला टेकून उभी होती आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल असं हसत होती. "बुधे, काय नाय म्हनतात आपल्या हवेत! पुण्याहून!"

"ते तं आमी बी सांगितलं आसतं," बुधी म्हणाली आणि आत गेली.

चौथा नट किशोरने मुद्दाम दोनदा आवळला. पाना पिशवीत टाकला. पूजा होती म्हणून दसऱ्याचे तेवढे आकडे वगळायचे, अशी खूण करायला तो लॅपटॉपवर वाकला. नंदाही वाकली. पडद्याबाहेर गेलेल्या तिसऱ्या फेऱ्यावरून तिचं बोट उतरत उतरत तळाशी आलं, थोडं पुढे सरकलं आणि थांबलं.

"किशोर, ह्यो बारका कुणाचा?"

सगळं शांत झाल्यानंतर, बऱ्याच अंतरावर, रेघेला एक छोटंसं टेंगूळ आलं होतं.

"हे नागूभाऊंनी सांगितलं नाही," किशोर म्हणाला. "नारळानंतरचं आहे."

"नारळानंतर मी परसाद वाटायला खाली गेल्ये. घरोघर." नंदा सरळ उभी राहिली. आता तिला घाई नव्हती. "भावजी, तवा वर कोन व्हतं?"

नागू डोंगर बघत होता.

"वाऱ्यानं आला आसंल धूर," तो म्हणाला.

"वाऱ्यानं. मी परत आल्ये तवा हितं बिडीचं थोटूक व्हतं. आन ह्या गजापास्नं त्या गजापतुर सुतळी बांधलेली. ती बी वाऱ्यानंच आली आसंल."

पोशाच्या म्हातारीचं सूप परत थांबलं. किशोरने लॅपटॉपवर बोटं तयार ठेवली. "नागूभाऊ, इथे मला कारण लिहायला लागतं. बिडी लिहू?"

"लिव्ह की," नंदा म्हणाली. "सनासुदीला भावजी बी यंत्राला धूप द्यायला वर आले व्हते, असं लिव्ह. भावजी, येवढं सांगा फकस्त. सुतळीच्या मापात तंबू किती बसत व्हते?"

नागूने दोन्ही रिकामे पेले उचलले. नव्या शर्टावर चहाचा थेंब पडला होता तो अंगठ्याने पुसला, पायांनी चपला चाचपडून शोधल्या आणि जिना उतरून, टेंपोच्या बाजूने, खाली वाडीकडे चालू लागला.